फणी गल्लीतली चैन

प्रणिता उरणे कामावर असताना झोपली. एकदा झोपली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. सरकारी कचेरीत जेवणानंतर डुलकी लागणं हा गुन्हा नव्हे, ती परंपरा आहे. पण प्रणिता लागोपाठ तीन दिवस झोपली आणि तिन्ही दिवस एकाच प्रकरणावर झोपली. शिवाय ही बाई अशी, की गेली अकरा वर्षं पुण्यातल्या तिच्या फ्लॅटमध्ये तिला सलग तीन तास झोप लागलेली नव्हती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, जायफळ घातलेलं दूध झालं. झोप काही फिरकली नाही. आणि इथे बाराव्या मजल्यावर, कानांवर हेडफोन चढवून विजेच्या लाटा तपासता तपासता, बाईसाहेब टेबलावर डोकं टेकून चक्क घोरायला लागल्या.

तिचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

साल २०४३. विजेच्या सवलतींची जुनी पद्धत मोडून सरकारने नवी आणली होती, आणि तिच्या मुळाशी होता एक मीटर. वीज घरात येते ती एका गुळगुळीत लाटेच्या रूपात. आपण जे यंत्र लावतो ते त्या लाटेला आपापल्या परीने ओढतं. फ्रिज एका तऱ्हेने ओढतो, मिक्सर दुसऱ्या, पाण्याचा पंप तिसऱ्या. प्रत्येकाची लाटेवर उमटणारी खूण वेगळी. जुना मीटर बिचारा किती वीज गेली एवढंच मोजायचा. नवा मीटर सेकंदाला दहा हजार वेळा ती लाट तपासून वीज कशासाठी गेली ते सांगायचा. सरकारी नाव ‘हेतुमापक’. लोकांनी त्याचं बारसं केलं ‘चौकशीवाला’.

मग सवलतही माणसाला न देता वापराला द्यायची ठरली. तीन रकाने केले. ‘गरज’ म्हणजे दिवा, पंखा, चूल, औषधाचा फ्रिज. ही वीज फुकट. ‘कष्ट’ म्हणजे पोटापाण्याची यंत्रं. तिला अर्धा दर. आणि उरलेली सगळी ‘चैन’. तिला पूर्ण दर आणि वर अधिभार, ज्यातून गरजेची वीज फुकट निघायची. हेतू वाईट होता असं कुणीच म्हणू शकणार नाही. शेतीपंपाच्या नावावर बंगल्यांची हिरवळ भिजवायचे दिवस लोकांनी पाहिले होते. प्रणिताचे साहेब तळेकर तर त्यातच वाढले होते. त्यांच्या गावात शेजारच्या मळ्यात कारंजं उडायचं आणि यांची आई कंदिलाच्या उजेडात भाकरी थापायची. नव्या योजनेवर तळेकरांची श्रद्धा होती ती उगाच नव्हे.

हेतुमापक लाखात एखाद्या वेळी अडायचा. लाट ओळखू येईना की ती माणसाकडे पाठवायचा. अशा माणसांना ‘पारखी’ म्हणत. पारख्याला घरमालकाचं नाव, गाव काही दिसत नसे. लाटेचा आवाज करून ती त्याच्या कानात सोडत, त्याने ऐकायचं आणि रकाना ठरवायचा. त्याने ठरवलं की यंत्र ते शिकायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यभरातल्या तशा प्रत्येक लाटेला तोच न्याय लागायचा. एका बाईचा कान आणि सगळ्या राज्याचा कायदा!

प्रणिता पारख्यांमध्ये नावाजलेली होती. यंत्रमागाला, तो जितके तास कापड विणेल तितक्या तासांचं जादा अनुदान मिळायचं. मग काही मालक रिकामेच माग पळवायचे आणि अनुदान उचलायचे. हेतुमापकाला रिकामा आणि भरला माग सारखाच वाटायचा. प्रणिताला नाही वाटला. ती इचलकरंजीच्या विणकराची मुलगी. विणताना फणी कापडावर आदळते त्या क्षणी मोटरला किंचित जोर लागतो, लाटेवर तिळाएवढा उंचवटा येतो. रिकाम्या मागात तो नसतो. तिने यंत्राला तो तीळ दाखवला आणि एका दिवसात साडेचार हजार चोर पकडले गेले. तिचा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला.

आता हे झोपवणारं प्रकरण. कुठेतरी एक माग रोज दुपारी एक ते तीन रिकामा चालत होता. पण त्याच्यावर अनुदानाचा अर्जच नव्हता. म्हणजे चोरी तर झालेली, पण चोराने काही नेलेलंच नाही. हेतुमापक चक्रावला आणि त्याने लाट पारख्याकडे पाठवली.

तिसऱ्या दिवशी टेबलावरून डोकं उचलताना प्रणिताच्या गालावर कळफलकाचे चौकोन उमटले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. स्वप्नात ती झोळीत होती. झोळी लुगड्याची होती, वर पत्र्याचं छप्पर होतं, कापसाचे तंतू उन्हाच्या कवडशात तरंगत होते आणि सगळं जग एका ठेक्यात हलत होतं. खटाक खट, खटाक खट, खटाक खट, आणि चौथा ठोका जरासा लंगडत. त्या चौथ्या ठोक्यावर कुणीतरी झोळीला हात लावायचं. तो हात दिसत नव्हता, पण त्याला सुताचा आणि तंबाखूच्या मिश्रीचा वास होता.

त्या लंगडण्यावरून तिने माग ओळखला. चाकाचा एक दात तुटलेला, तिच्या बापाच्या हातून तुटलेला. इचलकरंजीच्या फणी गल्लीतला त्यांच्याच घरचा माग तो.

ती उठून तळेकरांच्या केबिनमध्ये गेली. “सर, हे प्रकरण मला करता येणार नाही. माग माझ्या ओळखीचा आहे.”

तळेकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आवाजावरून?”

“आवाजावरून.”

“कुणाचा आहे?”

“आमचाच होता. बाबा गेल्यावर शेजारच्या गोदाक्कांना दिला. आई सूतगिरणीत पाळीला जायची, तेव्हा त्यांनीच मला सांभाळलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या त्या. पण त्यांना विणता येत नाही हो. त्या माग कशाला चालवतील?”

तळेकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “नियमाने मी हे दुसऱ्याकडे द्यायला हवं. पण दुसरा कुणी गेला तर मोटरला सील ठोकूनच परत येईल, वर्षभर जोडणी बंद. तू जा. बघून ये. पण एक ध्यानात ठेव, तू जे लिहिशील ते एका गोदाक्कापुरतं राहणार नाही. रिकाम्या मागाला तू माफी दिलीस, की तुझे ते साडेचार हजार चोर उद्या दुपारी एक वाजता माग सुरू करतील.”

हे प्रणितालाही कळत होतं. आपणच विणलेल्या जाळ्यात आपलंच माणूस सापडलं होतं.

फणी गल्लीत ती दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता पोचली. गल्ली बदलली नव्हती, फक्त मुकी झाली होती. पूर्वी इथे समोरासमोर उभं राहून ओरडल्याशिवाय बोलणं ऐकू येत नसे. म्हणून तर या गल्लीतली माणसं लग्नातसुद्धा भांडल्यासारखी बोलायची. पुढे सूत इकडून तिकडे नेणारा धोटाच नसलेले नवे माग आले ते औद्योगिक वसाहतीत गेले, जुने भंगारात गेले, आणि गल्लीत शांतता येऊन बसली. बाहेरच्यांना शांतता म्हणजे सुख वाटतं. मागाच्या आवाजात जन्मलेल्या माणसाच्या कानात ती बोळ्यासारखी रुतते.

गोदाक्का शेडच्या दारातच बसल्या होत्या. बहात्तर वर्षांच्या, सुपारीएवढा अंबाडा, नजर अजून सुईत दोरा ओवणारी.

“कोण गं? पनी व्हय? आगं ये की! किती वाळलीस. पुण्यात जेवाय घालत्यात का न्हाई?”

“आक्का, मी कामासाठी आलेय.” प्रणिताने पिशवीतून सरकारी ओळखपत्र काढलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

“काम मागनं. आधी चप्पल काढ आन आत ये. एक वाजाय आला.”

आत प्रणिताने पाहिलं ते असं. शेडच्या मधोमध तो एकच माग उभा होता. सूत नाही, धोटा नाही, नुसता सांगाडा. त्याच्याभोवती चटया अंथरलेल्या आणि चटयांवर माणसं येऊन पडत होती. मागांची दुरुस्ती करण्यात हयात गेलेला जॉबर इराप्पा होता. आयुष्यभर मागाच्या बीमवर, म्हणजे रुळावर, सूत भरलेले दोघे भाऊ होते. सहा-सात म्हाताऱ्या होत्या, प्रत्येकीच्या बोटांना सुताने पाडलेल्या बारीक रेघा. सवयीच्या जागी, सवयीच्या कुशीवर, प्रत्येक जण निमूट आडवा झाला.

इराप्पाने बटण दाबलं.

खटाक खट, खटाक खट. जमीन बारीक थरथरायला लागली. छपराच्या पत्र्यातून उन्हाचा एक कवडसा आला होता तोही हलायला लागला. एकेकाचा जबडा सैल पडला, कपाळावरच्या आठ्या ओसरल्या. पाचव्या मिनिटाला सगळी शेड झोपली. प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, हा माग रिकामा नाही. त्यावर काहीतरी निघतंय, अकरा माणसांच्या अंगावरून एकच पातळ पांघरूण निघतंय, डोळ्यांना न दिसणारं. मग पाय आपोआप दुमडले, आणि ती गोदाक्कांच्या चटईच्या कडेला कलंडली. स्वप्नात सगळी गल्ली होडीसारखी संथ तरंगत होती, घरांच्या भिंती श्वास घेत होत्या, आणि बाबा कुठल्यातरी मागाआडून ओरडून काहीतरी सांगत होते. शब्द कळत नव्हते आणि कळायची गरजही नव्हती.

तीन वाजता माग थांबला तशी सगळी उठली. गोदाक्कांनी चहा टाकला.

“आता सांग, काय काम?”

प्रणिताने सगळं सांगितलं. हेतुमापक, तीन रकाने, रिकामा माग. गोदाक्का पदराने कप पुसत ऐकत राहिल्या.

“मंजे आमी चोर?”

“तसं नाही हो आक्का. पण अनुदान घेतलं नाही तरी माग चालतो तो कष्टाच्या अर्ध्या दरात. आणि कापड तर निघत नाही.”

“कापड न्हाई निगत. झोप निगती. ह्यो इराप्पा माग बंद झाल्यापासनं दोन वर्सं जागा हुता, माहिताय? रात रात गल्लीतनं फेऱ्या. आमचं समद्यांचं त्येच. डागदर म्हनला, वय झालं. वय झालं तर मग मागाजवळ आल्यावर कशी लागती?”

“आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर लावला तर? त्याला वीज नखाएवढी लागते. ती गरजेत बसेल.”

इराप्पा हसला. त्याला पुढचे दात नव्हते, हसणं सगळं हिरड्यांचं होतं. “लावला हुता की. माझ्या नातीनं आनला हुता. आवाज आला, पन जमीन हलंना. रामलीलेतला हनमंत आन खरा हनमंत, फरक असतोय का न्हाई?”

प्रणिताने तिथूनच तळेकरांना फोन लावला. तळेकरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा त्यांचा मोठा गुण होता. मग म्हणाले, “झोप ही गरज आहे, यात वाद नाही. मी वर शब्द टाकतो, ‘गरज’मध्ये बसवता येईल. पण चोरांपासून वेगळं काढायला पुरावा लागेल. प्रत्येकाचं निद्रानाशाचं प्रमाणपत्र. आणि मनगटाला पट्टा, म्हणजे रोज दुपारी ते खरंच झोपले की नाही याची नोंद हेतुमापकाकडे जाईल. झोपले तर वीज फुकट. अगदी फुकट, प्रणिता!”

तिला एवढा आनंद झाला की फोन ठेवून तिने गोदाक्कांना मिठीच मारली. “आक्का, जमलं! एक पैसा द्यायला नको.” आणि पट्ट्याचं, प्रमाणपत्राचं सगळं भराभर सांगून टाकलं.

इराप्पाने कप खाली ठेवला.

“झोपलो का न्हाई, ते बी सरकारला सांगायचं?” गोदाक्कांनी विचारलं.

“नुसता पट्टा असतो हो. दुखत नाही.”

“दुखाया कशाला पायजे? एखाद्या दुपारी मला झोप न्हाई लागली, नुसती पडून ऱ्हायले, माझ्या मेलेल्या धन्याची आठवन काडत. तर मग?”

“तर त्या दिवशीची वीज...” प्रणिता अडखळली. “त्या दिवशीची कष्टात नाही, गरजेत नाही.”

“मंजे कशात?”

“चैनीत.”

“आन चैन लिवली तर काय काय पुरावा द्यायचा?”

“काही नाही. चैनीला कारण विचारत नाहीत. पूर्ण दर द्यायचा, मग तुम्ही विजेचं काहीही करा.” बोलता बोलता प्रणिताचा आवाज खाली आला. इतकी वर्षं ती हे रकाने भरत होती, पण हे वाक्य तिने कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. पुण्यात तिच्या इमारतीच्या गच्चीवर गरम पाण्याचा तलाव होता. तो बारा महिने उकळत असे. त्याला आजवर एकाही पारख्याने ‘का’ म्हणून विचारलं नव्हतं. ती मात्र दिवसभर कुणाकुणाच्या चुलीपाशी, पंख्यापाशी, मागापाशी कान लावून बसत होती. ज्याला सवलत, त्याची झडती. आपल्या हुशारीचा तिला मनापासून राग आला.

“मग पनी, चैन लिव,” गोदाक्का म्हणाल्या.

“आक्का, वेडेपणा करू नका! तिप्पट पडेल. तुम्हाला परवडायचं नाही.”

“न्हाई परवडनार रोज. आयतवारी चालवू. दोन तास न्हाई तर अर्धा तास चालवू. समदी मिळून भरू.”

“मग बाकीचे दिवस? परत जागेच राहणार? इराप्पाकाका पुन्हा गल्लीत फेऱ्या घालणार?”

“घालीन की,” इराप्पा म्हणाला. “पाय हायत.”

“मी भरते पैसे. मला पगार आहे, मला कोण आहे दुसरं खर्चाला?”

“तू भरलेस तर ती तुजी चैन झाली. आमची कशी?” गोदाक्कांनी तिचा हात हातात घेतला. तळव्याला अजून तोच वास होता. “हे बग. रॅशनच्या रांगेत हुबी ऱ्हायले, गरज म्हनून. कांड्या भरल्या, कष्ट म्हनून. घरकुलाला अर्ज केला तवा सायेब घरात शिरून डबं उगडून बगून गेला, खरंच गरीब हाय का म्हनून. बाई, साखरंचा डबा रिकामा हाय का ते बगितलं त्यानं. मी काय बोलले न्हाई, कारन घर पायजे हुतं. आता ह्यो माग मला पायजे हाय, पन तसा नको. जलमात एकदा माझ्या नावावर चैन लिव. तुज्या हातानं लिव.”

प्रणिताने वाद घातला, विनवलं, शेवटी रागावलीही. झोप ही चैन नाही, तिला चैन लिहिणं म्हणजे धडधडीत अन्याय आहे, आपण लढू, आपण अर्ज करू, असं सगळं बोलून झालं. म्हातारी हलली नाही. लढ की, म्हणाली, तू तरणी हायस, लढायचं काम तुझं. पण तोवर आम्ही पट्टे बांधून बसायचं का?

संध्याकाळच्या आत प्रकरण बंद करायचं होतं. गोदाक्कांच्या उंबऱ्यावर बसून तिने पडदा उघडला. ‘गरज’वर बोट ठेवून पाहिलं, तर खाली कारणाचा रकाना उघडला. त्याखाली पुराव्याचा उघडला, त्याखाली साक्षीदाराचा. ‘चैन’वर बोट ठेवलं तेव्हा ते सगळे रकाने एकेक करून मिटले. पडद्यावर फक्त ‘धन्यवाद’ उरलं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

तळेकरांना तिने दोन ओळी लिहिल्या. रिकाम्या मागाचा नियम कायम राहील, चोर सुटणार नाहीत. दुसऱ्या ओळीत तिने पारखीपदाचा राजीनामा दिला, आणि योजनेत गरिबाला कारण न विचारण्याचीही तरतूद हवी, असा अर्ज सोबत जोडला. तळेकरांनी राजीनामा स्वीकारला. अर्ज त्यांनी स्वतःच्या सहीने वर पाठवला. त्याचं पुढे काय होणार ते अजून ठरायचं आहे. वर गेलेले कागद आपल्या चालीने चालतात.

फणी गल्लीत मात्र त्या आठवड्यात मोठी ऐट होती. त्या दुपारच्या दोन तासांचं बिल आलं, ‘चैन’ असं छापून आलेलं गल्लीच्या इतिहासातलं पहिलं. दोघा भावांनी ते हातात धरून दहा घरी फिरवलं. इराप्पाची मात्र रया गेली होती. बुधवारपासून त्याच्या डोळ्यांखाली काळं उतरलं होतं आणि शनिवारी तो शेडला कुलूप असतानाही दारात चटई टाकून बसून राहिला. एवढं होऊनही पट्ट्याचं नाव त्याने काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढू दिलंही नाही.

रविवारी प्रणिता आली. या खेपेला ओळखपत्र नव्हतं, नुसती चटई होती. अर्धाच तास मिळणार म्हणून सगळी पावणेएकलाच येऊन पडली होती, एसटीत जागा धरावी तशी. इराप्पाने बटण दाबलं. जमीन थरथरली, कवडसा हलला. प्रणिताने डोळे मिटले आणि गल्ली पुन्हा पाण्यावर सरकली. या वेळी बाबाही काही ओरडत नव्हते, होडीच्या टोकाला पाय सोडून निवांत बसले होते.

तिला जाग आली तेव्हा माग बंद होता. केव्हा बंद झाला कुणास ठाऊक. कवडसा भिंतीवरून वर, पार छपरापर्यंत चढला होता. आजूबाजूला सगळे अजून पडलेले होते. कुणी झोपलेलं होतं, कुणी नुसतंच डोळे मिटून होतं, बघून सांगता येत नव्हतं. गोदाक्का तिच्या उशाशी पदराने वारा घालत बसल्या होत्या.

ती गडबडून उठायला लागली. “आक्का, किती वेळ झोपले मी?”

गोदाक्कांनी तिच्या कपाळावर हात ठेवून तिला पुन्हा खाली निजवलं.

“आता कोन इचारतंय?” त्या म्हणाल्या. “पड अजून.”